पत्रा उतरवताय? मग कौल नीट चढवा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात केदारखेड्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा भिंतींवरून ऊन घसरून जातं आणि सगळा मारा छपराला झेलावा लागतो. तरीही घर बांधताना आपण फरशीचा रंग आणि दरवाज्याचा सनमायका निवडण्यात आठवडे घालवतो, आणि छपराचा निर्णय पत्र्याच्या दुकानात उभ्याउभ्या उरकतो. पूर्णाकाठच्या गावांत यंदा ज्यांना पत्रा बदलायचा आहे किंवा नवं घर उभं करायचं आहे, त्यांना एक विनंती आहे. दुकानाची पायरी चढण्याआधी कौलाचा विचार करा. आणि कौल घालायचं ठरलंच, तर त्याला वारा खेळेल असंच बसवा.

आपल्या भागाचं मूळ छप्पर माळवदाचं. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर जाड पांढरी माती. ज्यांचं माळवद शाबूत आहे, भिंतींना ओळंबा आहे, त्यांनी ते केवळ जुनाट दिसतं म्हणून पाडू नये. उन्हाळ्यात त्याची बरोबरी आजही कुणी करत नाही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात अशीच मातीची जड छपरं आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या हजारो माणसांवर कोसळल्या. मराठवाड्याला जड छपराची धास्ती बसली ती उगाच नाही. मग पत्रा आला, हलका आणि एका दिवसात घर झाकणारा. हाच पत्रा भर उन्हात साठ अंशांच्या पुढे तापतो आणि ती धग सरळ खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर उतरते. स्लॅबचं दुखणं वेगळं. दिवसभर साठवलेली उष्णता तो मध्यरात्र उलटेपर्यंत घरात सोडत राहतो.

कौल यांच्या मधलं आहे. माती भाजलेली असल्यानं ते पत्र्याइतकं धग खाली सोडत नाही, आणि पातळ असल्यानं दिवस मावळला की स्लॅबपेक्षा कितीतरी लवकर निवतं. पण त्याची खरी करामत फटींत आहे. दोन कौलांच्या जोडातून पाणी खाली येत नाही, हवा मात्र येते-जाते. घरातली तापलेली हवा वर चढते आणि आढ्याजवळून निघून जाते. म्हणूनच कौलाखाली प्लॅस्टिकचा कागद घट्ट ताणणारे, जोडांत सिमेंट भरणारे किंवा स्लॅबवर मसाल्यात कौल चिकटवणारे लोक पैसे कौलाचे मोजतात आणि मिळवतात फक्त त्याचा रंग. बंगल्यांवर ही चिकटवाचिकटवी फार चालते. शोभा म्हणून करायची असेल तर खुशाल करा, पण त्यानं खोली गार होईल ही आशा ठेवू नका.

आता माल कसा निवडायचा ते पाहू. बाजारात ज्याला मंगलोरी कौल म्हणतात, त्याची सुरुवात १८६५ मध्ये मंगळुरात बासेल मिशनच्या कारखान्यात झाली. आज कौलं मोरबीकडूनही येतात. नाव कोणतंही असो, दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. गाडीतून कुठलीही पाच-सहा कौलं काढा आणि टिचकी मारा. आवाज खणखणीत यायला हवा. बद्द आला तर कौल कच्चं भाजलेलं आहे किंवा त्याला तडा आहे. सपाट फरशीवर ठेवून बघा, डुगडुगणारं कौल छपरावर बसणार नाही. मग कोरडं कौल वजन करून एक दिवस-रात्र पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. अडीच किलोचं कौल तीन किलोच्या पुढे गेलं, तर ते फार पाणी पितं, ते नाकारा. मंगलोरी कौलांसाठी आयएस ६५४ हे भारतीय मानक आहे आणि त्यात एए आणि ए असे दोन वर्ग आहेत. माल कोणत्या वर्गाचा, ते बिलावर लिहून मागा.

रंगाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चकचकीत काळसर, चॉकलेटी कौलं आपल्या उन्हासाठी नाहीत. मातीचा मूळ तांबूस रंग किंवा त्याहून फिका रंग घ्या. वरून ऑइलपेंट मारू नका. कौलाच्या नक्षीचे रंगीत पत्रेही हल्ली मिळतात, पण नक्षी काढल्यानं पत्रा मातीचा होत नाही.

हिशेब एकदाच पण नीट करा. केंद्राच्या ग्रामीण घरकुल योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं. तेवढ्या घरावर वळचणीसकट दुपाखी छप्पर घातलं तर सुमारे सहाशे कौलं लागतात. वाटेत फुटणारी धरून साडेसहाशे मागवा. त्यांचं वजन दीड टनाच्या घरात जातं, पावसात भिजल्यावर आणखी वाढतं. पत्र्यासाठी टाकलेल्या सांगाड्यावर हा भार चढवायचा नाही. किल्लारी आठवा आणि भिंतींच्या माथ्यावर चारही बाजूंनी सळईचा काँक्रीट पट्टा घाला, वासे किंवा कैच्या त्याला बोल्टनं जखडा. चांगलं लाकूड आज परवडत नाही; जालन्यात पोलादाचे इतके कारखाने आहेत की चौकोनी पाइपचा सांगाडा आपल्याकडे सोयीचा पडतो. जोडाई झाल्यावर रेडऑक्साइडचा हात विसरू नका.

पाऊस आपल्याकडे वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर, कोकणाच्या पाव हिश्श्याच्या आसपास. म्हणून काही मिस्त्री उतार कमी करून सांगाड्याचे पैसे वाचवायला सांगतात. त्यांचं ऐकू नका. वळवाचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि कमी उताराच्या कौलाखाली उलटा शिरतो. आढ्यापासून भिंतीपर्यंत आडवं अंतर दहा फूट असेल तर आढं भिंतीपेक्षा पावणेपाच ते पावणेसहा फूट उंच हवं. जागा परवानगी देत असेल तर आढं पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे तिसऱ्या प्रहराचं ऊन पाख्यावर सपाट आदळत नाही.

रिपांचं अंतर पुस्तकातून किंवा शेजारच्या घरावरून घेऊ नका. आलेल्या मालातली दहा-बारा कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून मांडा, मोजा आणि त्यावरून अंतर ठरवा. साच्यासाच्यात फरक असतो. अगदी खालची रीप थोडी उंच घ्या, नाहीतर पहिली ओळ पुढे झुकते. कौलं वळचणीपासून आढ्याकडे लावत जा आणि दोन्ही पाखी बरोबरीनं चढवा, एकाच बाजूला भार टाकू नका. वळचणीची ओळ, दोन्ही टोकांच्या कडा आणि आढ्याजवळची ओळ जस्ती तारेनं रिपेला बांधा. पत्र्यावर दगड ठेवायची सवय इथे चालत नाही. खरं तर ती पत्र्यावरही चालू नये, वादळात तोच दगड खाली येतो. आढ्यावरचे कोने बसवताना मसाला कडेपुरताच वापरा. त्रिकोणी भिंतींत वर जाळीची खिडकी ठेवा. जाळी बारीक असली की साप आणि चिमण्या बाहेर राहतात आणि हवा चालते. उजेडासाठी एखादं काचेचं कौल उत्तरेच्या पाख्यात घाला. दक्षिणेच्या पाख्यात घातलं तर वर्षातले बरेच महिने दुपारी त्याखाली उन्हाचा चौकोन पडलेला असेल.

शक्य असेल तर कौलाखाली बांबूचा किंवा फळ्यांचा माळा करा. खोली आणि छप्पर यांच्यामध्ये हवेचा थर आला की फरक पहिल्याच उन्हाळ्यात कळतो. मात्र चूल त्याच खोलीत असेल तर माळ्यावर कडबा रचू नका.

एक तोटा आधीच सांगतो. कौलावर झोपता येत नाही आणि कुरडया, मिरच्या वाळत घालता येत नाहीत. ज्यांना गच्चीवाचून चालत नाही, त्यांनी स्लॅबच टाकावा. पण इंजिनिअरला विचारून, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात केला तसा, स्लॅबच्या खालच्या थरात कौलं घालून काँक्रीट वाचवावं, आणि दर फाल्गुनात वर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारावेत. एखाद्या खोलीवर स्लॅब आणि बाकी घरावर कौल, हाही मार्ग आहे. मला तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

कौलाचं काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे मिस्त्रीही मोकळा सापडतो आणि घाई होत नाही. पुढे दरवर्षी मृगाच्या आधी शाकारणी करा: सरकलेली कौलं जागेवर, फुटकी बाहेर, खाचांतला पालापाचोळा साफ. वर चढणाऱ्यानं कौलावर पाय न ठेवता रिपांच्या आधारानं आडवी फळी टाकून बसावं. वानरं नाचली किंवा २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली, तर काही कौलं फुटणारच. म्हणून चाळीस-पन्नास जादा कौलं त्याच गाडीतून उतरवून गोठ्याच्या कडेला उभी रचून ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या साच्याचं कौल आणलं, तर ते जुन्याच्या खाचेत बसत नाही.