शब्दांच्या यादीने इंग्रजी येत नाही

इंग्रजीला नव्याने हात घालणाऱ्याला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो असा : रोज दहा शब्द पाठ कर, वर्षाला साडेतीन हजार होतील. शाळकरी पोराला हाच, अभ्यासिकेत बसणाऱ्या तरुणाला हाच आणि मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून चाळिशीत इंग्रजी शिकू पाहणाऱ्या आईलाही हाच. हिशेब ऐकायला बिनतोड आहे. पण तो मुळातच चुकीचा आहे, आणि त्याची झळ ज्यांच्या घरात इंग्रजीचा गंध नाही त्यांनाच सर्वांत जास्त बसते. म्हणून त्याचा प्रतिवाद करणे मला गरजेचे वाटते.

पूर्वपक्ष म्हणतो, शब्दच नसतील तर वाक्य कशाचे करणार? हे खरेच आहे. पण सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. कोणताही साधा इंग्रजी मजकूर घ्या. सतत येणारे शंभरेक शब्दच त्याचा जवळपास अर्धा भाग व्यापतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत सुमारे दोन हजार शब्द आहेत, आणि साध्या लेखनाचा ऐंशी टक्क्यांच्या आसपासचा भाग त्यांत येतो. त्यापुढच्या प्रत्येक हजार शब्दांनी पडणारी भर झपाट्याने कमी होत जाते. आता भिंतीवरचा तक्ता पाहा. वाय फॉर याक, झेड फॉर झेब्रा. प्रत्येक अक्षराला चित्र हवे म्हणून हे प्राणी पहिल्याच वर्षी भेटतात. 'बिकॉज', 'इनफ', 'ऑलरेडी' यांचे चित्र काढता येत नाही, म्हणून ते कधी नीट भेटतच नाहीत.

वेस्ट हे काही लंडनमध्ये बसून याद्या करणारे गृहस्थ नव्हते. ते ढाक्यात शिक्षणाच्या कामात होते आणि बंगाली मुले शाळा अर्ध्यात सोडतात हे रोज पाहत होते. त्यांचा प्रश्न साधा होता : मूल उद्या शाळेतून गेले, तर आजवर शिकलेल्यातले काय त्याच्या उपयोगी पडेल? पाठ्यपुस्तकांत नवे शब्द दाटीवाटीने येतात आणि त्यांतले बरेच पुन्हा कधी दिसत नाहीत, हा दोष त्यांनी दाखवला. हाच प्रश्न आपण आपल्या शाळांना विचारायला हवा. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्यानंतर एक अख्खी पिढी शिकून बाहेर पडली आहे.

आता वहीचे पान उघडू. शब्द, उच्चार, अर्थ असे तीन रकाने आखलेले. 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर' या चालीवर सारा वर्ग एका सुरात घोकतो. मांजरापाशी हे निभावते. पण त्याच रकान्यात 'टेक म्हणजे घेणे' असे लिहिले की घोटाळा सुरू होतो. आपण फोटो काढतो, चित्र काढतो, चपला काढतो, बँकेतून पैसे काढतो. इंग्रजीत फोटोला 'टेक', चित्राला 'ड्रॉ', चपलांना 'टेक ऑफ' आणि पैशांना 'विथड्रॉ'. फोटोपाशी 'घेणे' आपल्या मनात येतच नाही, मग तीन रकान्यांचा विद्यार्थी 'टेक'पर्यंत पोहोचणार कसा? दोष त्याच्या बुद्धीचा नाही. शब्द ज्यांच्या सोबतीने वावरतो त्यांच्यापासून तोडून तो त्याच्या हाती दिला गेला.

मग थोडकेच शब्द पुरे, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली ८५० शब्दांत इंग्रजी बसवून दाखवली. त्यात क्रियापदे अवघी अठरा. पण 'गिव्ह' आणि 'अप' ही दोन्ही ओळखीची असली तरी 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हे वेगळे शिकावेच लागते. मोजणीत तो नवा शब्द नाही, शिकणाऱ्याला मात्र नवाच.

तिसरा पक्ष म्हणतो, घोकंपट्टी नको, मराठी अर्थही नको. मूल ऐकून ऐकून शिकते. मातृभाषा तशी येते, कारण ती दिवसभर कानावर पडते. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी एका तासापुरती येते आणि घंटा वाजली की जाते. तिथे पाठांतर सोडून चालणार नाही, आणि 'इनफ'चा अर्थ 'पुरेसे' या एका शब्दात कळत असताना हातवारे करत बसण्यात वेळ घालवू नये. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या शिकल्या त्या मराठीच्या आधारानेच.

माझे म्हणणे एवढेच की पाठ करायचे ते वाक्य. पहिले हजार शब्द वारंवारता पाहून निवडा. प्रत्येकाची दोन-तीन वाक्ये, शिकणाऱ्याच्या रोजच्या जगण्यातली, शेजारी मराठी अर्थ. आज केलेले परवा, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा, अर्थ झाकून. नव्या शब्दांचा कोटा उरला तर उरू द्या. आणि सुरुवात ओळखीच्या शब्दांपासून करा. त्या आईला चार्जर, रिचार्ज, बिल, सिग्नल, डिलिव्हरी हे शब्द येतातच. 'द चार्जर इज नॉट वर्किंग' हे तिचे पहिले वाक्य का असू नये? ते ती त्याच संध्याकाळी वापरू शकते. याक तिला कुठे भेटणार आहे?

परीक्षेतले 'जोड्या लावा' आणि 'स्पेलिंग लिहा' हे प्रश्न राहतील तोवर शिक्षक यादीच घोकून घेतील, कारण गुण तिथेच आहेत. त्या गुणांतले निम्मे तरी 'हा शब्द वापरून स्वतःबद्दल एक वाक्य लिहा' या प्रश्नाला द्या. यासाठी नवे पुस्तक छापावे लागत नाही, येत्या चाचणीपासूनच हे करता येईल.