दुखापतीची कबुली

कबड्डींत गुडघा मुरगळून आलेला मुलगा आजीला सांगतो, "पाय जरा घसरला". खेळाच्या शिक्षकांस सांगतो, "कांहीं नाहीं, सर". आणि खरें काय तें चुलतभावाला, तेंही शपथ घालून. नांदत्या घरांतील वडीलधाऱ्यांस हा प्रकार अपरिचित नाहीं. दुखणें उघड झालें तर संघांतून नांव जाईल, ही त्या मौनामागची भीति. खेळाडूनें आपली दुखापत आपणच कळवावी म्हणून मोबाईलवर प्रश्नोत्तरें करणारीं चॅटबॉट ॲपें हल्लीं तयार होऊं लागलीं आहेत. त्यांविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं खेळ बुडाला तरच दुखापत धरण्याचा प्रघात होता. हजेरीपटावरून मुलाचें लक्ष मोजण्यासारखेंच हें. वर्गांत हजर राहून मनानें नदीवर गेलेले विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले. हा दोष ओळखून नॉर्वेमधील ऑस्लो येथील क्रीडा-दुखापत संशोधन केंद्रांतील संशोधकांनीं २०१३ सालीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रश्न चारच, दर आठवड्यास विचारावयाचे: खेळांत भाग घेतांना अडचण आली काय, सराव कितपत कमी करावा लागला, कामगिरी कितपत खालावली, आणि वेदना किती. प्रत्येकास ० ते २५ गुण, एकूण १००. जितके गुण अधिक तितकें दुखणें मोठें, एवढाच काय तो परीक्षेहून फरक! २०२० सालच्या सुधारणेनुसार पहिल्याच उत्तरांत "त्रास नाहीं" असें आल्यास पुढील प्रश्न गळतात.

ॲप रचणाऱ्यास सांगाडा असा आयता मिळतो. कठीण आहे ती भाषा. आमचीं मुलें "वेदनेची तीव्रता" म्हणत नाहींत. चमक भरली, लचक आली, पोटरींत गोळा आला, सांधा ठणकतो. यांतील प्रत्येक शब्दाचें दुखणें निराळें. यंत्रास तें कळलें पाहिजे, आणि न कळल्यास पुन्हां विचारण्याची सभ्यता त्याच्यापाशीं हवी. निदान मात्र त्यानें करूं नये. डोक्यास मार लागून शुद्ध हरपली, ओकारी झाली, किंवा दुखऱ्या पायावर भार देऊन चार पावलें टाकवेनात, तर संभाषण थांबवून डॉक्टरांकडे धाडावें.

यंत्रापाशीं माणूस मोकळेपणानें बोलतो हें अमेरिकेंत १९६६ सालीं जोसेफ वायझेनबाउम यांच्या 'एलायझा' या प्रोग्रॅमनें दाखविलेंच आहे. परंतु उत्तरें संघ निवडणाऱ्या शिक्षकांच्या हातीं जाणार असतील, तर मुलगा यंत्रालाही "कांहीं नाहीं, सर" असेंच लिहील. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं पालकांची संमति सांगितली आहे, ती योग्यच. पण संमति देणें निराळें आणि दर आठवड्यास उत्तरें चाळीत बसणें निराळें. आमच्या मतें तीं डॉक्टरांनीं अथवा फिजिओथेरपिस्टांनींच वाचावीं, आणि कोण वाचणार हें पहिल्या प्रश्नाआधींच मुलास सांगावें.

केव्हां वाचणार, हेंही सांगावें. रविवारीं रात्रीं मुलानें "पाय टेकवत नाहीं" असें लिहिलें आणि वाचणारा सोमवारीं दुपारीं येणार असेल, तर ॲपनें तसें स्पष्ट कळवून त्याच क्षणीं म्हणावें, "घरांतील मोठ्या माणसाला आतां उठव."