किटो म्हणे!

मंडळी, ऑफिसात हल्ली कोणी ना कोणी 'किटो'वर असतोच. पण हा आहार पोट कमी करायला निघालाच नव्हता. १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो सुचवला, तो आकडीच्या (फिट येण्याच्या) रुग्णांसाठी!

पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद, तेल-तूप भरपूर. मग शरीर चरबी जाळतं, कीटोन तयार होतात आणि औषधांना दाद न देणाऱ्या आकड्याही बऱ्याच मुलांत कमी होतात. दिल्लीच्या एम्सने २०१३ साली छापलेल्या चाचणीत याच्याच जरा सैल प्रकारावर, म्हणजे सुधारित अ‍ॅटकिन्स आहारावर, तीन महिन्यांत ५२ टक्के मुलांच्या आकड्या निम्म्याहून कमी झाल्या. नुसत्या औषधांवर हेच प्रमाण ११.५ टक्के.

आता हे भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्यात करून बघा. सगळा धानाचा मुलूख. पोराला भात नाही, मग द्यायचं काय? शाळेत खिचडी, शेजारी लग्न... शिवाय गोड सिरपमधली साखरही मोजायची. व्हिडिओ बघून सुरू करायची ही गोष्ट नव्हे. गोळ्या परस्पर बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. चयापचयाच्या काही आजारांत हा आहार चालतच नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. अशा मुलांना गोळ्यांइतकाच आहारतज्ज्ञ लागतो, आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी हवा. अंडी, शेंगदाणे, तेल यांचा हिशेब इथल्या चुलीवर बसवून देणारा. दर वेळी नागपूरला जायचं तर आईबापांची मजुरी बुडते, आणि पथ्य तिथेच सुटतं.

असो. जिममध्ये किटो मिरवताना एवढं आठवलं तरी पुरे.