आजीवन ग्राहक, अठ्ठावीस दिवसांची मुदत

२००५ सालच्या अखेरीस या देशातील मोबाइल कंपन्यांनी एक मोठा डांगोरा पिटला होता : एकदाच ९९९ रुपये भरा आणि जन्मभर निर्धास्त राहा. हमाल, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, गाव सोडून शहरात राबणारे मजूर अशा अनेकांनी पोटाला चिमटा काढून ही रक्कम भरली. आपण फोन करावा की नाही हे खिशावर अवलंबून असले, तरी गावाकडून आलेला निरोप आपल्यापर्यंत पोहोचेल, एवढी शाश्वती त्यात होती. मार्च २००६ मध्ये ‘ट्राय’ या नियामक प्राधिकरणाने आदेश काढून स्पष्ट केले की, ‘आजीवन’ म्हणून विकलेली योजना कंपनीचा परवाना, मूळचा वा नूतनीकरण केलेला, चालू असेतोवर ग्राहकाला मिळालीच पाहिजे. आयुष्य मोजायचे ते परवान्याचे, ग्राहकाचे नव्हे! तरीही वचन निदान कागदावर होते.

या वचनाचे काय झाले? २०१८ च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांनी फर्मान काढले : दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपये भरा, अन्यथा आधी जाणारे आणि पुढे येणारेही फोन बंद. ज्यांच्या खात्यात पैसे शिल्लक होते, ज्यांनी ‘आजीवन’ म्हणून पैसे मोजले होते, अशा अनेकांच्या हाती हाच निरोप पडला. शिल्लक असणाऱ्यांची सेवा तडकाफडकी तोडू नका, असे ‘ट्राय’ने नोव्हेंबर २०१८ मध्ये बजावले खरे, परंतु किमान भरणा मात्र कायमचा झाला. येणाऱ्या फोनला पैसे पडू नयेत हे तत्त्व मे २००३ मध्ये प्रस्थापित झाले होते. ते पंधरा वर्षांनी मागील दाराने मोडीत निघाले.

एकदा दार उघडल्यावर पायऱ्या चढायला वेळ लागला नाही. एअरटेलची ही किमान पायरी नोव्हेंबर २०२१ मध्ये ९९ रुपयांवर गेली. जुलै २०२४ मध्ये त्याच कंपनीची २८ दिवसांची अमर्याद बोलण्याची सर्वांत स्वस्त योजना १७९ वरून १९९ वर, तर जिओची १५५ वरून १८९ वर नेण्यात आली. आणि महिना अठ्ठावीस दिवसांचाच का? कारण त्यामुळे वर्षाचे तेरा महिने होतात. कामगाराला पगार बारा वेळा मिळतो, कंपनीला हप्ता तेरा वेळा! १९९ रुपयांच्या हिशेबाने वर्षाकाठी १९९ रुपये केवळ पंचांगाच्या या चलाखीने उकळले जातात. निदान एक योजना तरी तीस दिवसांची ठेवा, असे सांगण्याची पाळी २०२२ मध्ये नियामकावर आली, यातच सारे आले.

परवडत नसेल तर ग्राहकाने दुसरीकडे जावे, असा साळसूद सल्ला बाजाराचे भाट देतात. जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते हे खरे. पण जायचे कोठे? २०१६ मध्ये जिओने फुकट सेवेचा सापळा लावला आणि तो मार्च २०१७ पर्यंत उघडा ठेवला. या लढाईत लहान कंपन्या एकामागून एक आडव्या झाल्या. आज उरल्या आहेत तीन खासगी कंपन्या. या तिघींनी २०२४ ची दरवाढ ३ आणि ४ जुलै या दोन दिवसांत लागू केली. याला स्पर्धा म्हणायचे, तर मक्तेदारी कशाला म्हणायचे?

शिवाय जाण्याची वाटही सर्वांना सारखी खुली नव्हती. कंपनी बदलण्यासाठी एक संदेश पाठवावा लागतो, आणि स्वस्त योजनांमधून संदेशाची सोयच काढून घेण्यात आली होती. तेव्हा कोणत्याही योजनेतील ग्राहकाला हा संदेश पाठवता आलाच पाहिजे, असा आदेश ‘ट्राय’ला डिसेंबर २०२१ मध्ये द्यावा लागला. याउलट मोठी बिले भरणारा ग्राहक निघून जाण्याची नुसती भाषा करू लागला, की त्याला खास सवलतीचा फोन येतो. अशा निवडक सवलतींचा तपशील नियामकाला देण्यासही कंपन्या तयार नव्हत्या. २०२० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. वीस वर्षे निमूटपणे पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला मात्र दरवाढच येते. कंपन्यांच्या कोशात निष्ठेचा अर्थ आहे असहायता. बँक, आधार, गॅस, रेशन सारे ज्या क्रमांकाला जोडलेले आहे, तो क्रमांक गरीब माणूस टाकणार कसा?

भारतात इंटरनेट जगात स्वस्त आहे, असा युक्तिवाद केला जातो. असेलही. पण ज्याला इंटरनेट नको, त्याला ते स्वस्त असून काय उपयोग? साधा फोन वापरणारे सुमारे १५ कोटी ग्राहक ध्यानात घेऊन केवळ बोलणे व संदेश यांसाठी वेगळी योजना द्यावी, असे ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये फर्मावले. कंपन्यांनी आदेशाचे अक्षर पाळले आणि आत्मा मारला. योजना आल्या त्या ८४ आणि ३६५ दिवसांच्या! एअरटेलची वर्षाची रक्कम १,८४९ रुपये. रोजंदारीवर जगणाऱ्याने ती एकरकमी आणायची कोठून?

महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर एकदा दिलेले आहे. वर्षानुवर्षे जमीन कसणाऱ्या कुळाची निष्ठा जमीनदाराच्या मर्जीवर सोपवली गेली नाही. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी तिचे हक्कात रूपांतर केले. दीर्घकाळ पैसे भरणाऱ्या ग्राहकालाही बक्षिसी नको, हक्क हवा. दर ठरवण्याचा अधिकार १९९७ च्या कायद्याने ‘ट्राय’ला दिलेला आहे, तो त्याने वापरला पाहिजे. येणारे फोन आणि बँकेचे संदेश नाममात्र वार्षिक शुल्कात चालू राहिले पाहिजेत. केवळ बोलण्याची योजना पूर्ण महिन्याच्या मुदतीची मिळाली पाहिजे. सवलत द्यायची तर ती जाहीरपणे आणि सर्वांना दिली पाहिजे.

याखेरीज सार्वजनिक क्षेत्र बळकट केल्यावाचून गत्यंतर नाही. जुलै २०२४ मध्ये बीएसएनएलने दर वाढवले नाहीत, तेव्हा लाखो लोक तिकडे वळले. परंतु खासगी कंपन्यांनी ५जी सुरू केले ऑक्टोबर २०२२ मध्ये, आणि जनतेच्या या कंपनीच्या ४जी सेवेचे देशव्यापी उद्घाटन झाले सप्टेंबर २०२५ मध्ये! आधी घोड्याचे पाय बांधायचे आणि मग तो धावत नाही म्हणून हिणवायचे, अशी ही नीती आहे.

पाणी, वीज आणि रेशन यांच्या प्रश्नांवर कार्यकर्ते वस्तीवस्तीत जातात. येणाऱ्या फोनचा प्रश्नही आता त्याच यादीतला आहे. कामावर बोलावणारा मुकादम, दवाखान्यातून येणारा निरोप, मजुरी जमा झाल्याचा संदेश या सगळ्याला २८ दिवसांचे कुलूप लावण्याचा अधिकार या कंपन्यांना कोणी दिला, हा जाब संघटितपणे विचारला गेला पाहिजे.