बेटने ऐकलेला ठराव

मॅसॅच्युसेट्समधल्या वाचनालयांत आणि जुन्या सभागृहांत दुपारच्या सुट्टीत इतिहासावर व्याख्यानं होतात. लोक डबा घेऊन येतात, खाता खाता ऐकतात. २०२६ हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं अडीचशेवं वर्ष, त्यामुळे राष्ट्राच्या पायाभरणीचा विषय निघणारच. आणि निघाला की कुणीतरी विचारतंच: सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली, ती कशी?

उत्तरादाखल बहुधा फिलाडेल्फियाची हकिगत येते. जाहीरनाम्याच्या मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर टीका होती, ती १७७६मध्ये काँग्रेसने गाळली. हे सांगायलाच हवं. पण श्रोत्यांना मॅसॅच्युसेट्समधल्याच शेफिल्ड गावी नेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तिथे कर्नल जॉन ॲशलींच्या घरी १७७३मध्ये गावातल्या प्रतिष्ठितांनी एक ठराव तयार केला. माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत, असं त्यांनी ब्रिटिशांना बजावलं. त्याच घरात बेट नावाची गुलाम स्त्री राबत होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण घरात चाललेलं बोलणं तिच्या कानांवर पडत होतं. पुढे एकदा मालकिणीने चुलीतलं तापलेलं फावडं एका मुलीवर उगारलं. बेट मध्ये पडली आणि तो घाव तिने हातावर घेतला. ती जखम ती मुद्दाम उघडी ठेवायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं.

१७८०मध्ये राज्याची घटना आली. माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, हे तिच्यातही होतं. बेटने वकील गाठला तो थिओडोर सेजविक, म्हणजे ठरावाच्या लेखनातलाच माणूस! १७८१मध्ये ज्यूरीने तिला मुक्त ठरवलं. ॲशलींनी पगार देऊ केला, तरी ती त्या घरी परतली नाही. एलिझाबेथ फ्रीमन या नावाने ती पुढे जगली.

गुलामीविरोधी विचार थोरांच्या उदारपणातून उगवला, हे मला मान्य नाही. थोरांनी लिहिलेलं बेटने शब्दशः खरं मानलं आणि कोर्टाला ते मानायला लावलं. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. त्या मानकऱ्यांत मी बेटलाही धरते. शेफिल्डमधलं ते घर आजही उभं आहे. यंदाचं एखादं दुपारचं व्याख्यान तिथेच व्हावं, आणि त्याची सुरुवात बेटपासून व्हावी.