रिकाम्या पेटीपासून सुरुवात करा



तुमच्या शाळेत संगणकाचा तास असेल, तर त्या तासाला तुम्ही काय शिकता? बहुधा पत्र कसे टंकायचे, तक्ता कसा मांडायचा, चित्र कसे रंगवायचे. हे सारे उपयोगाचे आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण तेवढ्यावरून ‘मला संगणक येतो’ असे म्हणणे म्हणजे एस. टी.तून रोज प्रवास करतो म्हणून मला इंजिन कळते असे म्हणण्यासारखे आहे. माझे मत असे की, शाळा सोडण्यापूर्वी विद्यार्थ्याने एकदा तरी अगदी छोटी, पण पूर्ण अशी कार्यप्रणाली स्वतःच्या हाताने जुळवावी. आणि ती जुळवताना भरलेल्या पेटीतून नको ते काढत न बसता, रिकाम्या पेटीत हवे तेवढेच घालावे. या कामासाठी एक फार चांगले साधन तीस वर्षांपासून फुकट उपलब्ध आहे. त्याचे नाव बिझीबॉक्स.

हे साधन जन्माला आले ते अडचणीतून. १९९५ साली ब्रूस पेरेन्स हे डेबियन नावाच्या लिनक्स प्रणालीवर काम करीत होते. संगणक सुरू करून देईल, बिघाड झाल्यास दुरुस्तीला उपयोगी पडेल आणि नवी प्रणाली बसवूनही देईल, अशी एकच फ्लॉपी चकती त्यांना हवी होती. फ्लॉपी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली नसेल. ‘साठवा’ या बटणावर जे चौकोनी चित्र असते ते तिचेच. तिच्यावर मावत फक्त १४,७४,५६० बाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही पुष्कळदा याहून मोठा असतो.

आता युनिक्स घराण्याच्या प्रणालींची रीत अशी की, प्रत्येक लहान कामाला वेगळी आज्ञावली. फायलींची यादी दाखवायला ‘एलएस’, नक्कल करायला ‘सीपी’, पुसायला ‘आरएम’, मजकुरातून शब्द हुडकायला ‘ग्रेप’. रीत सुंदर आहे, पण जागेच्या दृष्टीने उधळी आहे. प्रत्येक आज्ञावलीला सुरू होण्याची तयारी करावी लागते, आपल्यापुढे लिहिलेले पर्याय वाचावे लागतात, चूक झाली तर तसे सांगावे लागते. तेच ते काम शंभर फायलींत शंभर वेळा लिहिलेले! शिवाय चकतीवर फाइल खणाखणांनी ठेवली जाते. खण १,०२४ बाइटांचा धरला, तर प्रत्येक फाइलीचा शेवटचा खण सरासरीने अर्धा रिकामा राहतो. तीनशे फायली असतील तर ३०० गुणिले ५१२, म्हणजे १,५३,६०० बाइट. फ्लॉपीचा दहावा हिस्सा नुसत्या रिकाम्या कोपऱ्यांत गेला.

पेरेन्स यांनी या सगळ्या आज्ञा एकाच फाइलीत गुंफल्या. (कल्पना अगदीच नवी नव्हती. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात जेम्स दा सिल्व्हा यांनी १९९४ साली ‘क्रंचजेन’ नावाचे साधन केले होते. ते अनेक आज्ञावल्या आवळून त्यांची एक फाइल करते.) पण मग एकाच फाइलीला कळते कसे, की आता यादी दाखवायची आहे की फाइल पुसायची आहे?

गंमत येथेच आहे. खेडेगावात पूर्वी पुष्कळदा शाळेचे गुरुजीच पोस्टाचे काम पाहत. ‘गुरुजी’ म्हणून हाक आली की ते फळ्याकडे वळत, ‘पोस्टमास्तर’ म्हणून आली की शिक्का उचलत. माणूस एकच, काम हाकेवर ठरायचे. बिझीबॉक्सचे तसेच आहे. कोणतीही आज्ञावली सुरू होते तेव्हा तिला ‘तुला या नावाने बोलावले आहे’ हे कर्नेलकडून कळते. कर्नेल म्हणजे प्रणालीचा गाभा. एलएस, सीपी, आरएम या नावांचे नुसते दुवे करून ठेवायचे आणि ते सगळे एकाच फाइलीकडे वळवायचे. फाइल आपले नाव वाचते आणि त्याप्रमाणे वागते. बस्स, इतकेच. आज या पेटीत तीनशेहून अधिक आज्ञा आहेत, आणि बहुतेक साऱ्या घेतल्या तरी फाइल एक-दोन मेगाबाइटांच्या आसपास राहते. घरोघरच्या इंटरनेटच्या राउटरमध्ये पुष्कळदा हीच पेटी मुकाट्याने काम करीत असते.

पण मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते तिच्या लहानपणाकडे नव्हे, तर ती भरण्याच्या पद्धतीकडे. बिझीबॉक्स तयार मिळतो तसा मूळ आज्ञावलीच्या रूपातही मिळतो. त्या फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ अशी आज्ञा दिली की पडद्यावर एक लांबलचक यादी उघडते. प्रत्येक ओळीपुढे चौकट. हवे असेल तर खूण करा, नको असेल तर काढा. बहुतेक पुस्तके सांगतात की ‘डेफकॉन्फिग’ने आधी जवळजवळ सगळे निवडून घ्या आणि मग नको ते वगळा. मला हा सल्ला शिकणाऱ्यांच्या दृष्टीने चुकीचा वाटतो. तुम्ही ‘मेक ऑलनोकॉन्फिग’ करा. सगळ्या चौकटी रिकाम्या होतील. तेथून सुरुवात करा.

का, ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, तुम्ही विचार केला की आपल्याला फार काही नको. सर्वांत आधी चालणारा ‘इनिट’, आज्ञा वाचणारा ‘ॲश’ हा शेल, एलएस, कॅट, इको आणि चालू कामांची यादी देणारा ‘पीएस’ एवढे पुरे. बाहेरचे ग्रंथालय लागू नये म्हणून ‘स्टॅटिक’ या चौकटीतही खूण केलीत. फाइल तयार झाली, ‘मेक इन्स्टॉल’ने दुवे झाले, सारे गाठोडे ‘सीपिओ’ पद्धतीने बांधून कर्नेलच्या हवाली केले. पहिल्या खेपेला बहुधा कर्नेल मूळ फाइलव्यवस्था सापडत नाही म्हणून थांबेल, कारण गाठोड्याच्या अगदी वरच्या पातळीवर ‘इनिट’ याच नावाची फाइल ते शोधते आणि ती ठेवायला आपण विसरतो. ती ठेवली की प्रणाली सुरू होते. आता ऐटीत ‘पीएस’ लिहा.

काय दिसेल? पीएस एक तर ‘प्रोक’ सापडत नाही अशी तक्रार करील किंवा नुसते मथळे दाखवील. पेटी बिघडली काय? मुळीच नाही. पीएसला चालू कामांची माहिती आतून, जादूने कळते असे आपण धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो ‘प्रोक’ नावाच्या फोल्डरमधल्या फायली वाचतो, तुम्ही-आम्ही वाचू तशाच. त्या फायली चकतीवर कोठेच नसतात. कर्नेल त्या मागणी होताच तयार करून देते. पण त्यासाठी प्रोक आधी जोडावे लागते. जोडते कोण? ‘माउंट’ ही आज्ञा. आणि ती तर आपण निवडलीच नाही! परत यादीकडे जा, माउंटपुढे खूण करा, पुन्हा सारे बांधा. या एका हेलपाट्यात पीएस, प्रोक, माउंट आणि कर्नेल यांचे नाते जितके कळते, तितके धडा दहा वेळा वाचून कळत नाही. भरलेल्या पेटीतून सुरुवात केली असती, तर माउंट आयतीच हाताशी असती आणि ती कोठून येते हा प्रश्न पडलाच नसता.

वगळण्याचा दुसरा फायदा अधिक गंभीर आहे. २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात क्लॅरोटी आणि जेफ्रॉग या दोन संस्थांच्या संशोधकांनी बिझीबॉक्समधले १४ सुरक्षादोष जाहीर केले. ते त्याआधीच आलेल्या १.३४ या आवृत्तीत दुरुस्त झालेले होते. त्या १४ पैकी ९ दोष एकट्या ‘ऑक’ या आज्ञेत होते. ज्याने आपल्या पेटीत ऑक घेतलाच नव्हता, त्याचे नऊ प्रश्न दुरुस्तीवाचून मिटले. नसलेल्या दारातून चोर कसा शिरणार?

या पद्धतीला दोष नाहीत असे मी म्हणत नाही. बिझीबॉक्समधल्या आज्ञा मोठ्या प्रणालीतल्या आज्ञांची धाकटी भावंडे आहेत. त्यांना कितीतरी पर्याय ठाऊक नसतात. त्यामुळे येथे लिहिलेले तेथे चालते, पण तेथले येथे चालेलच असे नाही. शिवाय एकाच फाइलीत सारे असल्याने एक पेच येतो. परवलीचा शब्द बदलणाऱ्या आज्ञेला विशेष अधिकार लागतो, एलएसला लागत नाही. पण फाइल एकच, मग अधिकार द्यायचा कोणाला? बिझीबॉक्सला यासाठी मुद्दाम तजवीज करावी लागली: अधिकाराची गरज नसलेले काम असेल, तर सुरू होताच तो सोडून द्यायचा. वेगवेगळ्या फायली ठेवण्याची जुनी रीत नुसती उधळी नव्हती, तिच्यात शहाणपणही होते, हे येथे ध्यानात येते.

शिक्षकमित्र म्हणतील, वेळ कोठे आहे आणि यंत्रे कोठे आहेत? वेळेचे म्हणणे खरे आहे. चार-पाच तास तरी द्यावे लागतील, आणि पहिल्या दोन तासांत पडद्यावर काहीच सुरू होणार नाही. परीक्षेत याचे गुणही नाहीत. यंत्रांची अडचण मात्र मी मानत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ज्यांवर पुढची आवृत्ती बसत नाही असे कित्येक संगणक ‘निकामी’ ठरले. या प्रयोगाला ते भरपूर होतात. तेही नसेल तर चालू संगणकावर ‘क्यूएमू’ ही आज्ञावली घेऊन एक काल्पनिक संगणक उभा करता येतो. तो कितीही वेळा कोलमडला तरी खऱ्याला धक्का लागत नाही. वर्गाचे पाच गट करावेत. प्रत्येकाने अशी पेटी बांधावी, की जिच्यात फायलींची यादी पाहता येईल, चार ओळी लिहून साठवता येतील आणि चालू कामे दिसतील. सर्वांत कमी बाइट कोणाचे? आणि कोणत्या गटाने काय वगळले, का? या दुसऱ्या प्रश्नावर होणारा वाद पहिल्या उत्तराहून मोलाचा ठरेल.

हे सारे आपल्याला करता येते, कारण बिझीबॉक्सचा परवाना तसा आहे. जो कोणी ही पेटी घालून यंत्र विकतो, त्याने तिची मूळ आज्ञावलीही गिऱ्हाइकाला उपलब्ध करून द्यावी अशी त्याची अट आहे. सप्टेंबर २००७ मध्ये बिझीबॉक्सच्या दोन आज्ञावलीकारांनी ही अट न पाळणाऱ्या एका कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. या परवान्यासाठी तेथील न्यायालयात गेलेला तो पहिला दावा. पुढच्याच महिन्यात तडजोड झाली आणि कंपनीने आज्ञावली खुली करण्याचे मान्य केले. तुमच्या घरच्या राउटरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत हा परवाना छापलेला आहे का, ते आज पाहा.

आणि पेटी बांधून झाली की एक करून पाहा. ‘एलएस’ हा दुवा पुसून टाका. आता ‘एलएस’ लिहिले तर आज्ञा सापडणार नाही. पण ‘बिझीबॉक्स एलएस’ लिहिले तर? आणि ती चौकटच रिकामी ठेवून पेटी पुन्हा बांधलीत, तर नुसत्या ‘इको’च्या मदतीने फायलींची नावे पडद्यावर कशी आणाल? इशारा एवढाच देतो: इकोपुढे एक तारका लिहा, आणि तिचा अर्थ इको लावतो की शेल, ते शोधून काढा.