दारू त्यांची, पण स्टेज कुणाचं?

आमच्या वस्तीतल्या पाच पोरांच्या रॉक बँडला लोअर परळच्या एका नाइटक्लबात वाजवायला बोलावणं आलं, तेव्हा सगळ्यात आधी गदारोळ झाला तो विहारात. रविवारची वंदना संपली आणि एका ज्येष्ठ काकांनी विषय काढला, "बाबासाहेबांची लेकरं आता दारूच्या गुत्त्यात गाणार का? पाचवं शील विसरलात?" बरीच डोकी होकारार्थी हलली.

काकांचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं आम्ही कामानिमित्त रोज बघतो. पण शील आहे ते न पिण्याचं. कुठल्या छपराखाली उभं राहून गायचं, याचं ते शील नाही. आणि खरं बोलायचं तर १३ एप्रिलच्या रात्री डीजेच्या भिंतीमागे काय चालतं, हे विहारातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे पाचवं शील कुणाला आठवत नाही. गिटार हातात घेतलेल्या पोरांच्या बाबतीतच ते कसं आठवतं?

दुसरा आक्षेप तरुणांकडून आला: रॉक म्हणजे गोऱ्यांचं, उच्चभ्रूंचं संगीत, आपला वारसा जलशाचा. मित्रांनो, जलशातली पेटीसुद्धा युरोपातूनच आली होती. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आणि रॉक गोऱ्यांचं कधी झालं? त्याचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि गॉस्पेलमध्ये आहे. सिस्टर रोझेटा थार्प ही चर्चमध्ये वाढलेली काळी बाई इलेक्ट्रिक गिटारवर देवाची गाणी वाजवायची. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कच्या नाइटक्लबांत गायला लागली, तेव्हा चर्चच्या मंडळींनी तिला नेमकं तेच विचारलं जे काकांनी आमच्या पोरांना विचारलं. तिने क्लब सोडला नाही. पुढे रॉक अँड रोल घडवणारे कित्येक जण तिचं वाजवणं ऐकत मोठे झाले.

त्याच शहरात हार्लेममधला कॉटन क्लब होता. स्टेजवर काळे कलावंत, टेबलांवर गोरी गिऱ्हाइकं. काळ्या माणसाने गावं, पण बसायचं नाही. मग डिसेंबर १९३८ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका तळघरात बार्नी जोसेफसनने कॅफे सोसायटी उघडलं, जिथे काळे-गोरे एकाच टेबलावर बसत. तिथेच १९३९ मध्ये बिली हॉलिडेने लिंचिंगवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' गायला सुरुवात केली. त्या गाण्याच्या वेळी वेटर थांबायचे, दिवे विझायचे, फक्त तिच्या चेहऱ्यावर प्रकाश. तिच्या नेहमीच्या रेकॉर्ड कंपनीने ते गाणं ध्वनिमुद्रित करायला नकार दिला होता. दारू विकणाऱ्या तळघराने मात्र ते गाऊ दिलं.

आता लोअर परळ. हे क्लब ज्या गिरण्यांच्या आवारात उभे आहेत, त्या गिरण्यांच्या विणकाम खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगारांना आपला विटाळ व्हायचा. जास्त पगाराचं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला होता. बहिष्कृत हितकारिणी सभेचं कार्यालय इथूनच जवळ, परळच्या दामोदर हॉलमध्ये होतं. म्हणजे ही जागा परकी नाही. त्या आवारातून आपल्याला एकदा बाहेर ठेवलं गेलं, आता आपण स्वतःहून बाहेर राहायचं?

पण क्लबवाल्यांची बाजू घ्यायला आम्ही बसलेलो नाही. कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मॅनेजरचा फोन आला. "सेट मस्त आहे, फक्त ती दोन गाणी नका घेऊ, आमचं क्राउड पॉलिटिकल नाही." ती दोन गाणी म्हणजे एक खैरलांजीवरचं आणि एक भीमगीत. पोरांनी ती वगळली. आमच्या मते चुकलंच. पण त्यांना बोल लावण्याआधी त्या रात्रीचा हिशेब बघा. पाच जणांत मिळून तीन हजार रुपये. हार्बरची शेवटची गाडी चुकल्यामुळे टॅक्सीला चौदाशे गेले. आणि हॉलमध्ये आपली माणसं किती? मोजून अकरा, त्यातले चार जण बँडवाल्यांचे भाऊ.

क्लबचं गणित समजून घ्या. दारावर जो कव्हर चार्ज घेतात, तो बहुतेक ठिकाणी आत दारूच्या बिलात वळता होतो. म्हणजे बँडच्या वाट्याला तिकीट म्हणून काही उरत नाही, बँडची किंमत ठरते ती बारच्या गल्ल्यावर. जो प्रेक्षक पीत नाही तो मॅनेजरच्या लेखी प्रेक्षकच नाही. शिवाय राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ आणि कडक दारूसाठी २५, त्यामुळे आपली कॉलेजातली पोरं बऱ्याचदा दारावरूनच परत. अशा ठिकाणी अकरा माणसांच्या जोरावर खैरलांजीचं गाणं कोण गाऊ देईल?

दीडशे माणसं आणा. मंगळवार-बुधवारी हे क्लब रिकामेच असतात, तेव्हा भाव करता येतो. बिलात न वळणारं साधं तिकीट, त्यातला ठरलेला वाटा बँडला, आठला सुरू अकराला बंद, बारपासून वेगळा भाग अठरा-एकोणीसच्या पोरांसाठी, आणि गाण्यांची यादी बँडची. हे कागदावर लिहून घ्यायचं. आपण लिंबू सोडा पिऊ, तोही पैसे देऊनच पिऊ.

चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने संगीतकार तेन्मा यांच्याबरोबर द कास्टलेस कलेक्टिव्ह उभं केलं. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. गाना, परई, रॅप, इलेक्ट्रिक गिटार सगळं एकत्र. नाव घेतलं अयोथीदास पंडितांच्या जातिविहीन तमिळांच्या विचारातून. त्यामागे एक संस्था होती, सरावाची जागा होती, पैसा होता. आपल्याकडे वामनदादांपासून विलास घोगरेंपर्यंत एवढी मोठी परंपरा, आणि आपला ड्रमर सरावाच्या खोलीचं तासाचं भाडं मित्रांकडून उसनं घेतो. जयंतीच्या वर्गणीतून डीजेला एका रात्रीत जेवढे जातात, त्याच्या दहाव्या हिश्श्यात एका बँडचा वर्षभराचा सराव होईल. दहावा हिस्सा तरी मागायला काय हरकत आहे? मंडळाच्या बैठकीत आम्ही हे बोललो तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "गिटारवर पब्लिक नाचत नाही." नाचत नाही हे बरोबर. ऐकते.

बँडमध्ये ड्रम वाजवणारी मुलगी आहे. तिच्या आईचा आक्षेप शीलाचा नव्हता, वारशाचाही नव्हता. तिने एवढंच विचारलं, "रात्री साडेबाराला परत कशी येईल?" सगळ्या वादात आम्हाला हा एकच प्रश्न कामाचा वाटला. पुढच्या वेळेसाठी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आहे. चेंबूर नाक्यावरून साडेसहाला निघेल, कार्यक्रम संपला की सगळ्यांना घरापर्यंत सोडेल. तेरा जागा आहेत, सात भरल्या. काकांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण गाडी किती वाजता सुटते हे परवा दोनदा विचारून गेले. त्या दोन गाण्यांनीच सेट सुरू होणार आहे.